ज्या हेलन केलरना ऐकूच येत नव्हतं, त्यांनी अंधांच्या ‘बोलत्या पुस्तकां’साठी सरकारला कसं कामाला लावलं?

हेलन केलर म्हटलं की शाळेच्या पुस्तकातला धडा आठवतो. हातावर पडणारं पाणी आणि तळहातावर अक्षरं काढणाऱ्या बाई. पण त्यांच्या आयुष्यातला एक किस्सा त्या धड्यात नव्हता.

हेलन यांचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात झाला. १९ महिन्यांच्या असताना आजारपणात त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली. १८८७ मध्ये अ‍ॅन सलिव्हन त्यांना शिकवायला आल्या. १९०४ मध्ये हेलन रॅडक्लिफ कॉलेजातून पदवीधर झाल्या आणि १९२४ पासून त्यांनी ‘अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड’ या संस्थेसाठी काम सुरू केलं.

त्या काळी अंधांसाठीची पुस्तकं महाग आणि मोजकीच होती. सरकारने ती विकत घ्यावीत म्हणून १९३० मध्ये हेलन यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बाजू मांडली. १९३१ मध्ये कायदा झाला आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसला त्यासाठी वर्षाला १ लाख डॉलर मिळू लागले.

पण मोठ्या वयात दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल शिकणं जड जायचं. त्यांच्यासाठी फाउंडेशनने पुस्तकं रेकॉर्डवर वाचून घ्यायचं ठरवलं. संस्थेतले रॉबर्ट आयर्विन हे या कामात पुढे होते आणि ते स्वतः अंध होते.

इथे दोन अडचणी आल्या.

पहिली, हक्कांची. पुस्तक लेखक-प्रकाशकांच्या मालकीचं, मग ते रेकॉर्ड कसं करायचं? तोडगा असा निघाला की रेकॉर्ड फक्त अंधांनाच मिळेल, ती रेडिओवर किंवा जाहीर ठिकाणी वाजवायची नाही. १९३४ मध्ये पहिली बोलती पुस्तकं आली.

दुसरी अडचण यंत्रांची. सरकार रेकॉर्ड विकत घेत होतं, पण त्या वाजवणारं यंत्र गरीब माणसाने आणायचं कुठून?

आणि गंमत बघा, १९३३ मध्ये यासाठी पैसे गोळा करायला खुद्द हेलन यांनीच नकार दिला होता! महामंदीत लाखो लोक बेकार असताना ही चैन थोडी थांबू शकते, असं त्यांना वाटत होतं.

पुढे त्यांचं मत बदललं. १९३५ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे यंत्रांसाठी शब्द टाकला. रूझवेल्ट यांनी मंदीतल्या रोजगार योजनेतून यंत्रं बनवायला मंजुरी दिली. म्हणजे बेकारांना काम मिळालं आणि अंधांना यंत्रं. पुढच्या काही वर्षांत अशी सुमारे २३ हजार यंत्रं तयार झाली. ती सरकारच्या मालकीची राहिली आणि वाचकांना वापरायला दिली गेली.

ही यंत्रं हेलन यांच्या मात्र काहीच कामाची नव्हती. त्या अखेरपर्यंत बोटांनीच वाचत राहिल्या.

१९५५ च्या भारत दौऱ्यात त्या मुंबईलाही आल्या होत्या. १ जून १९६८ रोजी त्यांचं निधन झालं.

हक्कांचा प्रश्न मात्र पुढे अनेक दशकं जगभर रेंगाळला. भारताने २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलून अपंगांसाठी पुस्तकांचं रूपांतर करायला मुभा दिली. असं रूपांतर सोपं करणारा ‘मराकेश करार’ २०१४ मध्ये सर्वांत आधी मंजूर करणारा देशही भारतच.

आज मोबाईलवर कानात हेडफोन घालून पुस्तक ऐकताना ही गोष्ट लक्षात ठेवा. पुस्तक ऐकण्याची सोय घरोघरी पोचवण्यासाठी झगडलेल्या एका बाईंना त्यातला एक शब्दही कधी ऐकू आला नाही.