वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल, इ.स. १८९५:क्वेट्टा - २९ ऑक्टोबर, इ.स. १९७८) हे मराठी विकृतिशास्त्रज्ञ आणि भारतातील कर्करोग संशोधनाचे एक प्रवर्तक होते. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो.

लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी १९२३ मध्ये घेऊन ते मुंबईत परतले. ग्रँट आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केल्यानंतर ते परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात प्रयोगशाळांचे संचालक झाले. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक होते. पेशीजीवशास्त्रज्ञ कमल रणदिवे या त्यांच्या विद्यार्थिनी.

संशोधन

गाठीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान करण्यावर खानोलकर थांबले नाहीत. रुग्ण कोणत्या समाजाचा, काय चघळतो, काय ओढतो, वस्त्र कसे नेसतो, हेही त्यांनी अभ्यासले. खैनी ठेवण्याच्या जागी ओठाला आणि धोतर घट्ट आवळल्याने कमरेच्या त्वचेला होणाऱ्या कर्करोगांचे वर्णन त्यांनी १९४५ मध्ये एका सहकाऱ्यासह प्रसिद्ध केले. धोतराचा कर्करोग हे नाव पुढे वैद्यकीय ग्रंथांत रूढ झाले.

मुंबईत एकाच हवापाण्यात राहणाऱ्या समाजांतही कर्करोगाचे प्रमाण भिन्न दिसे. हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा, तर पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आढळे. हा फरक आनुवंशिकतेचा की राहणीचा, हा कळीचा प्रश्न होता. एल. डी. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांतील सात आनुवंशिक लक्षणांची आकडेवारी १९४९ मध्ये मांडली. १९५५ मध्ये संघवी व राव यांच्यासह ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलेल्या निबंधात तोंड, घसा व अन्ननलिकेच्या कर्करोगाचे रुग्ण आणि तो नसलेले रुग्ण यांच्या तंबाखूच्या सवयींची तुलना होती. तंबाखू चघळणे आणि ओढणे यांचा वेगवेगळा हिशेब हे या निबंधाचे विशेष महत्त्व होय. भारतात दोन्ही सवयी पुष्कळदा एकाच माणसाला असतात.

अशा अभ्यासांना एक मर्यादा होती. रुग्णालयात कोण पोहोचतो हे पैसा, अंतर आणि लाज यांवरही अवलंबून असल्याने तेथील रुग्णसंख्येवरून संपूर्ण शहरातील प्रमाण काढता येत नाही. त्यासाठी लोकसंख्येवर आधारित नोंदणी लागते. ती मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली.

इतर कार्य

कुष्ठरोगाच्या विकृतिशास्त्रावरही त्यांनी संशोधन केले. अणुकिरणांच्या परिणामांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीत ते भारताचे प्रतिनिधी होते. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण पुरस्कार दिला.