पंडिता रमाबाई व त्यांच्या विद्यार्थिनी

पंडिता रमाबाईंचें नांव ठाऊक नाहीं असा वाचक विरळा. त्यांच्या विद्वत्तेविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्ही येथें त्यांच्या चरित्रांतील एकाच गोष्टीचा विचार करणार आहों. स्वतःस मिळालेली विद्या त्यांनीं इतर स्त्रियांच्या हातीं कशी सोंपविली, ती ही गोष्ट होय.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविलें, आणि पुढें त्याच मातेनें कन्येस शिकविलें. दुष्काळांत आईबाप निवर्तले. बंधु श्रीनिवास यांच्यासह पायीं देश हिंडत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचल्या. तेथील विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० सालीं बंधु वारले, आणि १८८२ सालीं वैधव्य आलें. पदरीं मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

त्याच वर्षीं पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना, मुलींसाठीं स्त्री-शिक्षिका तयार कराव्या व स्त्रियांस वैद्यक शिकवावें, अशी मागणी त्यांनीं केली. मुलीच्या पाठीशीं शिकलेली स्त्री उभी असावी, हें त्यांनीं ओळखलें होतें. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला व डोरोथिया बील यांच्या चेल्टनहॅम येथील कॉलेजांत अध्ययन व अध्यापन केलें. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ पाहण्यास त्या अमेरिकेस गेल्या. पुढील वर्षीं बोस्टन येथें स्थापन झालेल्या मंडळानें त्यांच्या शाळेस दहा वर्षें साहाय्य देण्याचें पत्करिलें.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदा सदन उघडलें. पुढें तें पुण्यास गेलें. आरंभींच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नांवाची एक बालविधवा होती. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं तिचा पुनर्विवाह झाला. ह्याच आनंदीबाई कर्वे. कर्वे यांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रमाची संस्था काढली, आणि आनंदीबाईंनीं त्या कार्यास जन्मभर हातभार लाविला.

तथापि १८९३ सालींच सदनावर मोठें संकट ओढवलें. तेथें मुलींस ख्रिस्ती धर्माकडे वळविलें जातें, असा आक्षेप निघाला. रानडे, भांडारकर प्रभृतींनीं सल्लागार मंडळ सोडलें, आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. पालकांचा विश्वास डळमळला म्हणजे शाळेचें किती नुकसान होतें, हें यावरून दिसतें. त्या काळीं विधवा मुलीस शिकण्यासाठीं दुसरें घर सहसा मिळत नसे. म्हणून खरी हानि त्या मुलींचीच झाली, असें आम्हांस वाटतें.

रमाबाई खचल्या नाहींत. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुली व स्त्रिया त्यांनीं आणल्या, आणि केडगांवीं मुक्ति-सदन उभें राहिलें. तेथें अक्षरज्ञानाबरोबर विणकाम, शेती व छापखान्याचें काम शिकवीत. १९२१ सालीं मनोरमाबाई निवर्तल्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला.

मुलींनो, वरच्या इयत्तेंत गेल्यावर खालच्या इयत्तेंतील एका तरी मुलीस रोज थोडें शिकवा. पालकांसही आमची विनंती आहे, कीं फी भरून आपलें कर्तव्य संपलें असें मानूं नये. कन्येस अभ्यासास वेळ व उत्तेजन द्यावें, आणि तिच्या शिक्षिकेशीं परिचय ठेवावा.