डागाळलेल्या दातांतून गवसलेला उपाय

किडलेला दात भरणे किंवा उपटणे, एवढेच दंतवैद्याच्या हाती होते, अशा काळात ही कीड रोजच्या पिण्याच्या पाण्यातून रोखता येईल, हे हेन्री ट्रेंडली डीन यांनी आकडेवारीनिशी दाखवून दिले. त्यांचा जन्म अमेरिकेतील इलिनॉय राज्यात २५ ऑगस्ट १८९३ रोजी झाला. सेंट लुइस विद्यापीठातून १९१६ मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेतल्यावर त्यांनी पहिल्या महायुद्धात लष्करात सेवा केली. १९२१ मध्ये ते सरकारी आरोग्य सेवेत दाखल झाले.

कोलोरॅडोतील मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पण ते दात फारसे किडत नाहीत, हे डॉ. फ्रेडरिक मॅके यांच्या ध्यानात आले होते. पाण्यातील फ्लोराइड हे या डागांचे कारण असल्याचे १९३१ मध्ये निष्पन्न झाले. त्याच वर्षी डीन यांच्याकडे या डागांचा अभ्यास सोपवण्यात आला. शोधायचा होता तो अपाय; हाती लागला उपाय. डागांच्या तीव्रतेची प्रतवारी त्यांनी निश्चित केली. पुढे चार राज्यांतील २१ शहरांमधली १२ ते १४ वर्षांची ७,२५७ मुले तपासण्यात आली. लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅम फ्लोराइड असेल, तर दातांची कीड बरीच कमी होते आणि डागही क्वचित, तेही पुसट पडतात, असा निष्कर्ष १९४२ मध्ये निघाला.

२५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास प्रारंभ झाला. तुलनेसाठी निवडलेल्या मस्केगॉन शहराचे पाणी मात्र तसेच ठेवण्यात आले. फायदा दिसू लागताच १९५१ मध्ये मस्केगॉननेही तोच मार्ग धरला. तुलना खंडित झाली, पण तेथील मुलांना लाभ मिळाला. पंधरा वर्षांच्या पाहणीअंती, प्रयोगानंतर जन्मलेल्या ग्रँड रॅपिड्सच्या मुलांमधील दंतक्षय ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. स्वित्झर्लंडने १९५५ पासून पाण्याऐवजी मिठाचा आधार घेतला.

राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थेचे डीन हे १९४८ मध्ये पहिले संचालक झाले. १३ मे १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट घरोघरी पोहोचल्यानंतर पाण्यातील फ्लोराइडचा लाभ पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही. युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी २०२५ मध्ये ही प्रथा बंद केली. भारतात तर प्रश्न उलटाच आहे. चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातील फ्लोराइड मर्यादेबाहेर असून, ते दातांबरोबर हाडांनाही ग्रासते. तेथे फ्लोराइड मिसळणे नव्हे, तर काढून टाकणे हेच आरोग्यरक्षण ठरते. डीन यांच्या संशोधनाचे सारही हेच आहे: मुलांचे दात वाचतात ते फ्लोराइडच्या योग्य मात्रेमुळे, आणि ती मात्रा ठरवण्यासाठी आधी गावोगावचे पाणी तपासावे लागते.