योग मोजून पाहणारे स्वामी

आपले संशोधन जगापुढे मांडायचे, तर बोटीने विलायत गाठून तिथल्या परिषदेत भाषण द्यायचे, अशी गेल्या शतकाच्या आरंभीची रीत होती. स्वामी कुवलयानंदांनी वेगळी वाट धरली. लोणावळ्यात राहून त्यांनी योगक्रियांचे मोजमाप केले, ते इंग्रजीत छापले आणि परदेशी संशोधकच मावळात येऊ लागले.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोद्याजवळच्या डभोईचा. बडोद्यात माणिकरावांकडे त्यांनी व्यायामाचे शिक्षण घेतले. पुढे नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडून योग शिकले. गुरूंवर श्रद्धा होतीच; पण या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्या विद्यार्थ्यांची क्ष-किरण तपासणी केली. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभे राहिले. त्याच ऑक्टोबरात ‘योगमीमांसा’ त्रैमासिकाचा पहिला अंक निघाला.

हठयोगातील बस्ती क्रियेत साधक पिचकारीविना आतड्यात पाणी ओढून घेतो. हे होते कसे? स्वामीजींनी आतड्यातील दाब पाऱ्याच्या दाबमापकाने मोजला. नौलीत पोटाचे मधले स्नायू पुढे काढले, की हा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि पाणी आपोआप वर चढते, असे दिसले. या पोकळीला त्यांनी गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले.

खरी कसोटी प्राणायामाची होती. त्यामुळे शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, असे योगाभ्यासी अभिमानाने सांगत. लोणावळ्यातील मोजमापातून मात्र हे सिद्ध झाले नाही. संथ श्वसनात एका मिनिटात होणारे श्वासच कमी असतात. शिवाय निरोगी माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन साध्या श्वसनातही प्राणवायूने जवळजवळ भरलेले असते. स्वामीजींनी हा गैरसोयीचा निष्कर्ष दडवला नाही. प्राणायामाचे महत्त्व प्राणवायूच्या प्रमाणात शोधू नये, असे त्यांनी स्पष्ट लिहिले.

येल विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधन करणारे मूळचे केरळचे कोवूर बेहनन १९३०च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यात येऊन योग शिकले. परतल्यावर त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. उज्जायीत प्राणवायूचा वापर सुमारे २४ टक्क्यांनी वाढल्याची नोंद त्यांनी केली. लोणावळ्याच्या निष्कर्षाशी ती जुळत नव्हती. पण दोन्हीकडे आकडे असल्याने वाद मोजमापाचा झाला, श्रद्धेचा राहिला नाही. १९५७ मध्ये अमेरिकेतील वेंगर आणि बागची हे संशोधक मेंदू व हृदयाच्या नोंदी घेणारी यंत्रे घेऊन भारतात आले, तेव्हा लोणावळाही त्यांच्या वाटेवर होते.

आजच्या निकषांवर स्वामीजींचे प्रयोग लहान ठरतात. मोजकेच साधक आणि तुलनेसाठी दुसरा गट नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. प्राणायामाने रक्तात भरपूर प्राणवायू जातो, हे वाक्य योगवर्गांत अजूनही ऐकू येते. ते तपासून पाहण्याचे काम लोणावळ्यात नव्वद वर्षांपूर्वीच झाले आहे.