चित्र आणि चित्राखालची ओळ : तंजावरचे सरफोजी राजे

कुंभकोणम येथील रामस्वामी मंदिराच्या प्रदक्षिणामार्गात भिंतींवर रामायण चित्रांतून सांगितलेले आहे. ज्याला कथा ठाऊक आहे तो एकेका दृश्यापाशी थबकतो. ज्याला ठाऊक नाही त्याला रंगीत माणसांची गर्दी तेवढी दिसते. डोळे असले म्हणजे चित्र वाचता येते असे नाही. ते शिकवावे लागते. कावेरीकाठच्या त्या मुलखात हे मर्म ज्याने जाणले तो राजा मराठी होता, आणि त्याचा गुरू एक ख्रिस्ती मिशनरी.

कुंभकोणमजवळच तिरुविडैमरुदूर, म्हणजेच मध्यार्जुन, हे क्षेत्र आहे. गादीवरून दूर झालेला तंजावरचा अमरसिंह अखेरची वर्षे तेथे राहिला. त्याच्या राज्यकाळात एक मुलगा राजवाड्यात जवळजवळ कैदेत वाढत होता. तेच पुढचे दुसरे सरफोजी राजे.

सरफोजींचा जन्म १७७७ सालचा. १७८७ साली तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले व त्याच वर्षी राजे मृत्युशय्येवर पडले. मुलाचे पालकत्व ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांनी स्वीकारावे अशी त्यांची इच्छा होती. श्वार्ट्झ १७५० साली तरंगमबाडीस आलेले जर्मन मिशनरी. त्यांच्या सचोटीविषयी दरबारात कोणालाही शंका नव्हती. परंतु परदेशी पाळकाने राजपुत्राचा पालक व्हावे, यातून राजवाड्यात वैर माजेल असे त्यांना वाटले. त्यांनी राजांचा भाऊ अमरसिंह याचे नाव सुचविले. सल्ला शुद्ध हेतूचा होता. त्याची किंमत मात्र त्या दहा वर्षांच्या मुलाने मोजली. अमरसिंह स्वतःच राजा झाला. मुलाला कोंडून ठेवण्यात आले. दिवसाउजेडीही तो दिव्याच्या प्रकाशात बसे, आणि त्याला लिहावाचायला शिकविण्याची कोणी तसदी घेतली नाही. श्वार्ट्झ स्वस्थ बसले नाहीत. कंपनी सरकारकडे त्यांनी पुनःपुन्हा दाद मागितली व अखेर १७९३ साली मुलाला मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके या मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले.

श्वार्ट्झ यांचे स्वतःचे शिक्षण हाले या जर्मन नगरीत झाले होते. तेथे फ्रांके यांच्या अनाथाश्रमात शंख, खनिजे, प्राणी, यंत्रांच्या प्रतिकृती अशा वस्तूंचा संग्रह शिक्षणासाठी वापरीत. या विचाराचे एक मूळ बिशप कोमेनियस यांच्या १६५८ सालच्या सचित्र पाठ्यपुस्तकात सापडते. त्यात चित्रातील वस्तूंना आकडे दिले होते व तेच आकडे शेजारच्या मजकुरात. मुलाची नजर चित्रावरून शब्दावर आणि शब्दावरून पुन्हा चित्रावर जावी अशी ती योजना. माझ्या मते आजही याहून चांगली युक्ती निघालेली नाही.

सरफोजी जून १७९८ मध्ये गादीवर आले. श्वार्ट्झ त्याच वर्षी फेब्रुवारीत निवर्तले होते. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. हाती सत्ता न उरलेल्या या राजाने आपले आयुष्य विद्येला वाहिले. शाळा काढल्या, त्यांत गरीब ख्रिस्ती मुलांचीही सोय केली. स्वतःचा छापखाना घातला. त्यातून १८०६ च्या सुमारास इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ निघाले. (श्रीरामपूरला विल्यम केरी यांचे मत्तयाचे मराठी शुभवर्तमान १८०५ साली छापले गेले होते, मराठी मुद्रणाच्या पहाटे दोन टोकांना ही दोन पुस्तके असावीत, याचे आम्हा भाषांतरकारांना फार कौतुक.) ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात तर त्यांनी कुरवंजीच्या, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या स्त्रीच्या, तोंडी सगळ्या पृथ्वीचा भूगोल घातला.

त्यांच्या ग्रंथालयातील नेत्ररुग्णांची टिपणे मात्र मुलांना शिकविणाऱ्या प्रत्येकाने पाहावीत. रोगी डोळ्याचे रंगीत चित्र आणि त्याच्या जोडीला रुग्णाची लेखी नोंद. असे पान वर्गात ठेवून प्रथम लेखी भाग झाकावा व मुलांना काय दिसते ते विचारावे. लाली, सूज, पडदा, हे चित्र सांगेल. मग नोंद वाचावी. डोळा कोणाचा, त्रास कोणता, उपाय काय केला, हे चित्र कधीही सांगू शकत नाही. उलट लालीची नेमकी छटा शब्दांना सापडत नाही. दोघांनी काय काय सांगितले याची वाटणी मुलांनी स्वतः केली की पुढे ती चित्राखालची ओळ गाळून पान उलटत नाहीत. पवित्र शास्त्राच्या शेवटी दिलेल्या नकाशांचीही तीच गत आहे. नकाशातील नाव शोधून वचनाकडे परतायला न शिकविल्यास ती केवळ शोभेची पाने राहतात.

तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमधील संगमरवरी स्मारक सरफोजींनीच जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून करवून घेतले. मरणासन्न श्वार्ट्झ, त्यांचा हात हाती घेतलेला राजा, जवळ गेरिके आणि शाळेतील मुले. नुसते शिल्प पाहणाऱ्यास एखादा राजा आजारी पाद्र्याच्या समाचारास आला आहे, इतकेच कळेल. श्वार्ट्झ यांच्या थडग्यावरील मजकूर राजांनी स्वतः इंग्रजी पद्यात रचला. अनाथांचा पिता, विधवांचा आधार अशा शब्दांत त्यांनी गुरूला गौरविले आहे. तो वाचून पुन्हा शिल्पाकडे पाहिले, की त्या धरलेल्या हाताचा अर्थ निराळाच होतो.

सरफोजींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. काही मिशनऱ्यांना तशी आशा होती. राजे आपल्या शिवभक्तीत राहिले आणि गुरूचे ऋणही त्यांनी लपविले नाही. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविणारे हेच राजे. १८२० च्या सुमारास मोठ्या परिवारासह ते काशीयात्रेस निघाले. तेथील घाटांची रंगीत चित्रे त्यांच्या संग्रहात आहेत. ७ मार्च १८३२ रोजी त्यांचे निधन झाले. १८५५ साली त्यांच्या पुत्रामागे वारस नाही म्हणून तंजावर संस्थान संपले. सरस्वती महाल ग्रंथालय राहिले, आणि त्या नोंदी व डोळ्यांची ती चित्रे आजही तेथे जपून ठेवलेली आहेत.