नालवाडीचे दोन आणे

ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात ख्रिस्ती माणूस काही सोडतो; आपल्याकडे चातुर्मासात कुणी कांदा-वांगे सोडते. पण काय धरावे, हे ठरवायचे कसे? मी पनवेलचा, मला शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेले विनोबा आठवतात. ‘ख्रिस्तधर्मसार’ संकलित करणाऱ्या या माणसाने १९३५च्या सुमारास वर्ध्याजवळ नालवाडीत व्रत धरले. दिवसाचे आठ-नऊ तास सूत कातायचे आणि कातणाऱ्याला मिळणाऱ्या मजुरीतच जेवायचे. ती मजुरी जेमतेम दोन आणे! पुढे १९५१पासून भूमिहीनांसाठी ते देशभर पायी फिरले. त्याच्या मुळाशी मला हाच हिशेब दिसतो. बँकेत उमेदीची वर्षे ताळेबंदांत गेली, तरी एवढा चोख ताळेबंद मी पाहिला नाही. दुसऱ्याची भूक आपल्या ताटात उतरेल, असेच व्रत निवडावे.