अणूपेक्षा सूर्य बरा म्हणणारे कोसंबी

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या महाळुंग्यात बचत गटाची बैठक माझ्याच घरी होती. चहाचं आधण ठेवलं आणि तेवढ्यात पुतणी वही घेऊन आली. शाळेत ६ ऑगस्टला हिरोशिमा दिन होता आणि तिला पाच मिनिटं बोलायचं होतं. म्हणाली, काकू, जपानचं सगळं लिहून झालंय, पण बाईंनी आपल्याकडच्या कुणाचं तरी नाव शोधायला सांगितलंय. कुणाचं घेऊ?

आम्ही सगळ्याजणी विचारात पडलो. एकीने गांधीजी सुचवले, दुसरीने नेहरू. मला मात्र एकदम मीरा कोसंबी आठवल्या. पंडिता रमाबाई, आनंदीबाई जोशी यांच्यावरचं त्यांचं काम आपल्यापैकी कितीतरी जणींनी वाचलं असेल. २०१५ मध्ये त्या गेल्या. त्यांचे वडील दामोदर धर्मानंद कोसंबी. मोठे गणिती, मोठे इतिहासकार. पण अणुबॉम्बला आणि त्याच्या चाचण्यांना विरोध करणारा माणूस म्हणून त्यांची ओळख आपल्याला फारशी नसते. पुतणीला सांगितलं ते आज तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे नावाजलेले पंडित. पण या पंडिताच्या घरची बाजू आपण बायकांनी जरा वेगळ्या नजरेनं बघायला हवी. बुद्धाचा शोध घेण्यासाठी धर्मानंदांनी १८९९ मध्ये घर सोडलं, तेव्हा थोरली लेक माणिक तान्ही होती. बाळाबाईंनी ती वर्षं कशी काढली असतील याचा विचार केला की माझ्या पोटात कालवतं. पुढे धर्मानंद परतले, संसार पुन्हा उभा राहिला, दामोदरांचा जन्म झाला. १९१८ मध्ये धर्मानंद अमेरिकेला हार्वर्ड विद्यापीठात कामासाठी निघाले, तेव्हा माणिक आणि दामोदर यांना बरोबर नेलं. अकरा वर्षांचा मुलगा आईपासून दूर, परक्या मुलखात शिकू लागला.

मुलगा हुशार निघाला. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी अगदी वरच्या श्रेणीत मिळवली. तिकडेच राहता आलं असतं, पण ते परत आले. बनारस, अलीगढ अशी नोकरी करत १९३३ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले. १९३१ मध्ये नलिनी मडगावकर यांच्याशी लग्न झालं होतं. माया आणि मीरा या दोन मुली. भांडारकर इन्स्टिट्यूट रस्त्यावर घर. वरवर बघितलं तर चारचौघांसारखा पुण्याचा प्राध्यापकी संसार.

पण डोकं चारचौघांसारखं नव्हतं. गणितातून ते जुन्या नाण्यांकडे वळले. हजारो नाणी सोनाराच्या बारकाईनं तोलली आणि झिजेवरून त्यांचा काळ ठरवायचा प्रयत्न केला. नाण्यांवरून इतिहासाकडे, संस्कृतकडे गेले. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि खेडी पायी तुडवली. शेंदूर फासलेला दगडाचा देव दिसला की थांबायचे. म्हसोबा कोण, बोल्हाई कोण, तुकाई कुठून आली, याची चौकशी गावच्या माणसांपाशी करायचे. आपण चैत्रात नैवेद्य घेऊन जातो त्या देवांमागे हजारो वर्षांची माणसांची वाटचाल आहे, हे त्यांनी जगाला दाखवून दिलं. बियाण्यांवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ आजही त्यांच्या नावाचं एक गणिती सूत्र वापरतात, ते १९४४ मधलं.

१९४५ मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली आणि कोसंबींना बोलावून घेतलं. भाभा म्हणजे भारताच्या अणुऊर्जेचे शिल्पकार. कोसंबी पुण्यात राहायचे आणि डेक्कन क्वीननं मुंबईला जा-ये करायचे. त्याच वर्षी ६ ऑगस्टला हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर बॉम्ब पडले होते. ज्या विज्ञानावर आपलं आयुष्य उभं आहे, त्यातूनच हे निपजावं, हा प्रश्न कोसंबींना गप्प बसू देईना. ते जागतिक शांतता चळवळीत उतरले. १९५० च्या दशकात या चळवळीच्या परिषदांसाठी बीजिंग, हेलसिंकी असे दौरे केले. ही चळवळ रशियाकडे झुकलेली आहे अशी टीका तेव्हाही व्हायची, आणि ती अगदीच खोटी नव्हती. कोसंबी स्वतः मार्क्सच्या विचारांचे होते. पण बॉम्ब कुणाचाही असला तरी त्याची राख सगळ्यांच्या अंगणात पडते, ही गोष्ट काही कुठल्या पक्षाची नव्हती.

राख म्हणजे काय, ते नीट समजून घेऊया. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेनं पॅसिफिक महासागरात बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. दूरवर मासे धरणाऱ्या एका जपानी बोटीवर पांढरी भुकटी पडली. बोटीवर २३ जण होते. सगळे आजारी पडले, आणि त्यातला एकजण सप्टेंबरमध्ये गेला. जपानात घरोघरी मासळी खायची भीती बसली. तेव्हा टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणी सह्या गोळा करायला बाहेर पडल्या. आपल्यासारख्याच, घरचं आवरून निघणाऱ्या! तो अर्ज देशभर पसरला आणि वर्षभरात तीन कोटींहून जास्त सह्या झाल्या.

२ एप्रिल १९५४ रोजी नेहरूंनी लोकसभेत मागणी केली, की निदान चाचण्या तरी तूर्त थांबवा. चाचण्या थांबवण्याची अशी मागणी जगापुढे ठेवणाऱ्या पहिल्या देशांत आपला देश होता. याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

आता दुधाचं. उघड्यावर बॉम्ब फोडला की त्यातून स्ट्रॉन्शियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ आकाशात जातो. पावसाबरोबर खाली येतो, गवतावर बसतो, गवत गाय खाते आणि तो दुधात उतरतो. शरीराला तो कॅल्शियमसारखाच वाटतो, म्हणून वाढत्या मुलांच्या हाडांत आणि दातांत जाऊन बसतो. अमेरिकेत सेंट लुईस शहरात १९५८ पासून आयांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात शास्त्रज्ञांकडे पाठवायला सुरुवात केली. बारा वर्षांत तीन लाखांच्या आसपास दात जमले! चाचण्या वाढल्या तसं दातांतलं हे विष वाढत गेल्याचं त्यातून दिसलं. १ नोव्हेंबर १९६१ रोजी तिथल्या हजारो बायका घरकाम सोडून रस्त्यावर आल्या.

कोसंबींचं वेगळेपण कुठे, तर ते नुसतं नको म्हणून थांबले नाहीत. मग काय हवं, तेही सांगितलं. १९६० मध्ये पुण्यात रोटरी क्लबपुढे ते अणुऊर्जेवर बोलले. त्यांचं म्हणणं साधं होतं. अणुवीज आपल्या गरीब देशाला महाग पडेल, आणि तिच्या कचऱ्याचा धोका वेगळाच. आपल्याकडे सूर्य वर्षातले बहुतेक महिने फुकट तापतो, तर त्याच्यावर संशोधन करा. ही शक्ती गावागावात, जिथल्या तिथे वापरता येईल, लांबून तारा ओढत आणायला नकोत. आज हे कुणीही बोलेल. पण १९६० मध्ये, अणुऊर्जेच्या सर्वात मोठ्या माणसानं काढलेल्या संस्थेत नोकरी करताना असं बोलणं म्हणजे आपण बसलोय त्या फांदीवरच घाव घालणं.

आणि झालंही तसंच. १९६२ मध्ये संस्थेनं त्यांची मुदत वाढवली नाही. कारणं वेगवेगळी सांगतात. गणितातला एक अतिशय अवघड प्रश्न सोडवल्याचा त्यांचा दावा टिकला नाही, त्यानं नाव खराब झालं होतं. स्वभाव तिखट, बोलणं लागट, त्यामुळे माणसं दुखावलेली होती. पण अणुऊर्जेला त्यांनी केलेला विरोधही त्यात होता, असं त्यांच्यावर लिहिणारे बरेच जण मानतात. पन्नाशी उलटल्यावर, सतरा वर्षांनी नोकरी गेली. घरातल्या कर्त्या माणसाची नोकरी तत्त्वापायी गेली तर बाकीच्यांना काय सोसावं लागतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. नलिनीबाईंबद्दल फार कमी लिहिलं गेलंय, याची मला रुखरुख वाटते.

पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट १९६३ रोजी, मॉस्कोत अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी करार केला. हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात चाचण्या करायच्या नाहीत असं ठरलं. तीनच दिवसांत, ८ ऑगस्टला, भारतानं सही केली. दुधातलं विष कमी होऊ लागलं. हा एकट्या कोसंबींचा विजय मुळीच नव्हे. पण सह्या गोळा करणाऱ्या, दात पाठवणाऱ्या, भाषणं करणाऱ्या लाखो लोकांनी जो रेटा लावला, त्यात एक खांदा आपल्या पुण्याच्या माणसाचाही होता.

करारात एक पळवाट राहिलीच. जमिनीखाली चाचण्या चालू राहिल्या. आपणही १९७४ आणि १९९८ मध्ये पोखरणला केल्या. १९९६ मध्ये सगळ्याच चाचण्यांवर बंदी घालणारा करार संयुक्त राष्ट्रांत मंजूर झाला. १८० हून जास्त देशांनी सह्या केल्या, पण तो अजून लागू झालेला नाही. मोठी राष्ट्रं आपली शस्त्रं सोडत नाहीत, मग आम्हीच का बांधून घ्यायचं, असं म्हणून भारतानं सही केली नाही, मात्र १९९८ नंतर चाचणीही केलेली नाही. यावर तुमचं माझं मत वेगळं असू शकेल. आमच्या बैठकीतही वाद झालाच! एकीचा भाऊ सैन्यात आहे. ती म्हणाली, शेजारी बॉम्ब घेऊन बसलेत, आपण काय करायचं? तिचं चूक असं मला म्हणता आलं नाही. पण ज्या प्रश्नाची किंमत पोराबाळांच्या हाडांनी मोजावी लागते, तो प्रश्न बायकांनी विचारूच नये, असंही मला म्हणता येत नाही.

जानेवारी १९६६ मध्ये भाभा विमान अपघातात गेले. त्यानंतर पाच महिन्यांनी, २९ जूनला, कोसंबी पुण्याच्या घरी झोपेतच गेले. वय अवघं ५८. भारत सरकारनं २००८ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

आमचं महाळुंगे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेलं. शेतं होती तिथे आता उंच इमारती आहेत आणि कितीतरी गच्च्यांवर पाणी तापवायचे सोलर बसलेत. परवा गच्चीवर पापड वाळत घालताना त्या काळ्या नळ्यांकडे बघितलं आणि वाटलं, एका माणसानं हे किती आधी सांगून ठेवलं होतं!

पुतणीचं भाषण छान झालं. मैत्रिणींनो, तुमच्याकडेही शाळेत ६ ऑगस्टला असा कार्यक्रम असेल. मुलांना हिरोशिमा सांगाच, पण त्याबरोबर कोसंबींची गोष्टही सांगा. आणि हो, सुगिनामीच्या त्या बायकांची तर नक्की सांगा.